हेमीचा ठेका

आमच्या शाळेत बँड आला तो पोरं शाळेत यावीत म्हणून. संगीत, शिस्त, देशप्रेम हे सगळं त्याला नंतर चिकटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आता कुठल्याही शाळेच्या कार्यक्रमाला गेलं की पांढरे हातमोजे घातलेली मुलं वाजवत असतात आणि शेजारच्या खुर्चीवरची आई मला समजावते की यानं म्हणे एकाग्रता वाढते. वाढत असेल बाई. मार्व्याच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत तेव्हा निम्मे बाक रिकामे असायचे, त्यामुळे एकाग्रतेची गोष्ट फार पुढची होती. किनाऱ्यावर मासळी उतरली की कोळीवाड्यातली मुलं गायब. गणपती, शिमगा, मे महिना आला की आमच्या चाळीतली मुलं गावाला गायब, आणि गेलेली परत कधी येतील ते एसटीलाच ठाऊक. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पार्ल्याहून यायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी गोळ्या वाटून पाहिल्या, पालकसभा घेऊन पाहिल्या, रागावून तर रोजच पाहिलं. मग एके दिवशी कुठल्याशा बंद पडलेल्या पथकाचे ड्रम टेम्पोतून आले, आणि त्यांच्यामागोमाग डिमेलो सर आले.

सर मनोरीचे. सकाळी तरीतून खाडी ओलांडून मार्व्याला उतरायचे, त्यामुळे पँटचे पाय कायम घोट्याच्या वर दुमडलेले. लग्नसराईत ते ट्रंपेट वाजवायचे आणि पावसाळ्यात काम नाही म्हणून आमच्याकडे, असं आम्हाला आधी वाटलं. आम्हाला वाटलं, आता ड्रम गळ्यात अडकवायचे आणि बडवायचे. पण सरांनी कितीतरी दिवस आम्हाला ड्रमला हातच लावू दिला नाही. बाकावर पट्ट्या घेऊन बसवलं आणि तोंडानं म्हणायला लावलं. 'धम् टर्रा, धम् टर्रा.' पोरं कंटाळून पळायला लागली, आणि मग सरांनी त्यांचा तो नियम काढला ज्याच्यावर मी तेव्हा मनापासून चिडले होते. त्यांनी प्रत्येकाची जोडी लावली. तुझा जोडीदार आला नाही, तर तूही त्या दिवशी वाजवायचं नाहीस. मारणं नाही, ओरडणं नाही. नुसतं भिंतीला टेकून उभं राहायचं आणि इतरांचं ऐकायचं.

'पण सर, ती आली नाही यात माझा काय दोष?' मी विचारलं.

'तुझा काहीच दोष नाय,' सर म्हणाले. 'तिचं घर माहीत हाय ना? मग जा आणि घेऊन ये.'

ती म्हणजे हेमी. हेमी कोळीवाड्यातली, माझ्याच वर्गातली, माझ्याहून वीतभर उंच. तिला मोठा ड्रम दिला होता, मला साइड ड्रम. सरांचं म्हणणं, तिच्या हातात जोर आहे आणि माझ्या डोक्यात मोजणी, दोघी मिळून एक बरा वाजवणारा होईल. हे कौतुक होतं की टोमणा, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. हेमीला मात्र ते ऐकून खूप हसू आलं होतं. तिचं हसणं मोठं होतं, सगळा वर्ग मान वळवून बघायचा.

आमच्या घरी माझ्या वाजवण्याला विरोध होता तो फक्त आईचा. बाबा गिरणीत होते तेव्हा मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. संपानंतर ते मढला एका बंगल्यावर राखणदार म्हणून लागले. तिथं सिनेमावाले यायचे, नट्या यायच्या, पण बाबांना त्यांचं काही ऐकू यायचं नाही आणि बघण्यात रसही नव्हता. संध्याकाळी घरी आले की पाटावर बसून ते शांतपणे भाकरी आणि सुकटीची चटणी खायचे आणि मी शेजारी तांदळाच्या डब्यावर 'धम् टर्रा' करत असले तरी मान डोलवत राहायचे. आईचं तसं नव्हतं. 'काय गो, त्या डब्यान तुझा काय वाकडा केल्यान?' ती चुलीपाशी बसून विचारायची. मी थांबायचे, ती पाठ वळवायची, मी पुन्हा सुरू. शेवटी तिनं डबा फळीवर चढवला. मग मी मांडीवर वाजवायला लागले. आजही टीव्ही बघताना माझी बोटं मांडीवर चालतात आणि माझा मुलगा म्हणतो, आई, प्लीज.

सरांच्या नियमामुळे मी रोज सकाळी हेमीच्या घरी जायला लागले. शाळा दुपारची, बँडचा सराव त्याच्या आधी, आणि त्याच्याही आधी हेमीचं घरचं काम. ओट्यावर ती आणि तिची आई पारूमावशी खाडीतली कोलंबी सोलत बसलेल्या असायच्या. पारूमावशी आमच्या चाळीत मासळी घेऊन यायची, त्यामुळे मला चांगली ओळखत होती. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून नुसती वाट बघत होते, तर ती म्हणाली, 'उभी राहून कोलंबी सोलली जाते काय?' मी बसले. डोकं मोडायचं, साल काढायचं, पाठीतला काळा दोरा ओढायचा. हेमीचा हात इतका भराभर चालायचा की माझी एक होईपर्यंत तिच्या मूठभर. काम आटोपलं की मावशी आम्हाला कोरा चहा आणि तव्यावर परतलेल्या चार कोलंब्या घातलेली तांदळाची भाकरी द्यायची. अशी भाकरी मी नंतर कुठे खाल्ली नाही. मी घरी आले की आई माझे हात हुंगून म्हणायची, 'थयच र्‍हव आता. हय कित्याक येतंस?' पण रागानं नाही. एकदा तिनं स्वतःहून हेमीसाठी घावणे बांधून दिले.

हळूहळू हे सगळ्यांचंच झालं. कुणी जोडीदाराला उठवायला जायचं, कुणी त्याच्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन सरावाला यायचं. बाक भरायला लागले. मोठ्या बाई वर्गाच्या दारातून हजेरी बघायच्या आणि काही न बोलता पुढं जायच्या, ही त्यांची खुशी. मला आता कळतं की सरांनी आम्हाला वाजवण्याची गोडी लावली त्याच्या आधी एकमेकांच्या घरी जायची सवय लावली होती. पुढं मला बऱ्याच मास्तरांनी बरंच काही शिकवलं, पण माझ्यामागं घरापर्यंत कुणाला पाठवायचं कुणाला सुचलं नाही.

मग एका सकाळी कोलंबी सोलता सोलता हेमी म्हणाली, 'पंधरा ऑगस्ट झाला की मी बसणार घरी.'

मला आधी वाटलं, बँड सोडणार. म्हटलं, का गं, हात दुखतो का? तर ती म्हणाली, बँड नाय, शाळाच. तिच्या मोठ्या बहिणीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं होतं, त्यामुळे घरातले दोन हात कमी झाले होते. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की होड्या समुद्रात जाणार, मासळी येणार, मग ती निवडायला, सुकवायला, बाजारात न्यायला माणूस हवं. हे ठरवलं होतं तिच्या मोठ्या काकांनी, नानांनी. होडी नानांची, घरात शब्द नानांचा. मी पारूमावशीकडे बघितलं. ती मान खाली घालून सोलत होती. 'सातवीपर्यंत शिकली,' ती म्हणाली, 'मी तर पयलीत पन नाय गेले.' नारळी पौर्णिमा त्या वर्षी पंधरा ऑगस्टला लागूनच आली होती. म्हणजे हेमी ध्वजवंदनाला शेवटचा ड्रम वाजवणार आणि मग संपलं. मला खूप वाईट वाटलं आणि रागही आला, आणि त्या वयात या दोन्हींचं काय करायचं ते माहीत नसल्यामुळे मी दिवसभर हेमीशीच बोलले नाही.

त्या आठवड्यात कोळीवाड्यात वेगळंच वातावरण. होड्यांना रंग लागत होते, घराघरात करंज्या तळल्या जात होत्या, आणि संध्याकाळ झाली की मिरवणुकीची तालीम. नाना स्वतः कोळीवाड्याच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचे. जाड मिशा, आखूड मान, आणि हात मात्र नाचणाऱ्या माणसासारखे हलके. त्यांचा ठेका सुरू झाला की म्हाताऱ्या बायकांचे पायसुद्धा ओट्यावर हलायला लागायचे. हेमी लहानपणापासून त्या ठेक्यावर झोपली होती आणि त्याच ठेक्यावर उठली होती. डिमेलो सरांना हे माहीत होतं. ते तिला सारखं सांगायचे, 'हेमी, डावा-उजवा. वरात नाय ही. डावा-उजवा.'

पंधरा ऑगस्टला पाऊस थांबला होता. मैदान ओलं, आमचे पांढरे बूट पहिल्या फेरीतच लाल झाले. कुंपणाबाहेर निम्मा कोळीवाडा उभा, कारण मिरवणुकीचे कपडे घातलेलेच होते आणि पोरं वाजवणार हे कळलं होतं. पारूमावशी होती, नाना होते. ध्वजवंदन झालं, संचलन सुरू झालं. पहिली फेरी झकास. प्रमुख पाहुण्यांच्या समोर आलो आणि हेमीनं कुंपणाकडे बघितलं. तिथंच वाट लागली. तिचा हात घसरला आणि कोळीवाड्याच्या ठेक्यात गेला. त्या ठेक्यावर सरळ चालताच येत नाही हो, पाऊल तिरकंच पडतं. मी माझा 'टर्रा' धरून ठेवला, पण मोठ्या ड्रमपुढं साइड ड्रमचं कोण ऐकतं? झांजवाला तिच्यामागं गेला, बिगूलवाले गोंधळून गप्प झाले आणि मागचे स्काउट कदम टाकता टाकता उड्या मारायला लागले. कुंपणावरची पोरं शिट्ट्या वाजवत होती. हेमीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला ठेका बदलायचा होता आणि हात ऐकत नव्हता.

ड्रम ठेवायच्या खोलीत मोठ्या बाई आल्या. 'स्वातंत्र्यदिन होता की कुणाचं लग्न?' एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. पोरं हेमीवर तुटून पडली. ती ड्रमचा पट्टा सोडवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. 'ओरडून घ्या,' ती म्हणाली, 'नाहीतरी माझा आज शेवटचा दिवस.' माझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं. सर खिडकीपाशी उभे होते. ते तिच्याजवळ येऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात दारात नाना आले. त्यांच्यामागं पारूमावशी.

'मास्तर, पोरगी चुकली ना?' नानांनी विचारलं.

'चुकली,' सर म्हणाले.

'परत कवा वाजवायचं असतं?'

'सव्वीस जानेवारीला.'

नानांनी मिशीवरून हात फिरवला. 'आमच्या बँडात असं हाय, जो चुकला त्यानं परत सगळ्यांच्या म्होरं नीट वाजवल्याबिगर ड्रम सोडायचा नाय. चुकून सोडला तर गावात तोंड दाखवता येत नाय. माझी पुतनी हाय. तवर ठेवा तिला. सरळ वाजवली का मग बसेल घरी.' एवढं बोलून ते निघून गेले. पारूमावशी मात्र जरा रेंगाळली. तिनं पदरानं हेमीचं तोंड पुसलं आणि म्हणाली, 'चल, करंज्या खायला चल. तू पन चल गो.'

असे आम्हाला काही महिने मिळाले. सुरुवातीला मी नुसती खुशीत होते. पहाटे होडी यायची, मी आणि बँडमधले आणखी दोघंतिघं किनाऱ्यावर जाऊन मासळी निवडायला बसायचो, म्हणजे हेमी सरावाला वेळेत पोचेल. वाकटी वेगळी, मांदेली वेगळी, कोलंबी वेगळी. सराव मात्र फार छान चालला होता, आणि तीच गोची झाली. सर मला म्हणाले, हिला मोजणी शिकव, म्हणजे हात घसरणार नाही. मी शिकवायला लागले. चालताना मोजायचं, जिना चढताना मोजायचं, मासळी निवडताना मोजायचं. दिवाळीनंतर हेमीचा ड्रम असा पक्का बसला की डोळे मिटून तिच्यामागं चालावं. ती जितकी सुधारत होती तितकी तिची शाळा संपत येत होती, आणि तिला शिकवणारी मी. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, ती आता बरोबर वाजवते. मग?

सर ड्रमच्या दोऱ्या आवळत होते. 'मग काय करू?' ते म्हणाले. 'शिकवायचं बंद करू?' आणि त्यांनी पुढची दोरी ओढली. ते मला मुळीच आवडलं नाही.

एकदा हेमी आमच्या घरी जेवायला आली होती तेव्हा आईनं विचारलं, 'तुका आवडता काय गो शाळा?' हेमी भात कालवता कालवता थांबली. 'भूगोल आवडतो,' ती म्हणाली. 'नकाशात आमची खाडी केवढीशी दिसते. मला बाकीचं बघायचंय कुठे कुठे काय आहे ते.' आईनं तिच्या ताटात आणखी एक तळलेला बांगडा वाढला. आईचं असंच होतं, बोलायला काही सुचलं नाही की वाढायची.

सव्वीस जानेवारीच्या संचलनाला शिक्षण खात्याचे एक साहेब येणार होते. पथक आवडलं तर आम्हाला शिवाजी पार्कच्या कार्यक्रमात वाजवायला नेणार, असं मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं होतं. मला तिथं जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं, रात्री स्वप्नात मी तिथंच वाजवत होते. आईनं माझा युनिफॉर्म कोळशाच्या इस्त्रीनं असा कडक केला होता की बसता येत नव्हतं. बाबांनी बंगल्यावरून सुट्टी घेतली होती. ऐकू येणार नव्हतंच, पण मी चालताना कशी दिसते ते त्यांना बघायचं होतं.

थंडी होती, मैदान कोरडं होतं. कुंपणाबाहेर पारूमावशी टोपली खाली ठेवून उभी, शेजारी नाना, हाताची घडी घालून. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. हेमी असं वाजवत होती की सर मैदानाच्या कडेनं आमच्याबरोबर चालता चालता हसत होते. साहेब खुर्चीत पुढं सरकून बसले होते. आता फक्त त्यांच्यासमोरून जायचं आणि सलामी द्यायची. सरळ वाट होती, चुकायला जागाच नव्हती.

तेव्हा हेमीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मागच्या खेपेला ती घाबरली होती. या वेळी तिचा चेहरा शांत होता, कोलंबी सोलताना असायचा तसा. तिनं पाऊल पडू दिलं, मोजून, मी शिकवलं होतं तसंच मोजून, आणि कोळीवाड्याचा ठेका धरला. मला कळलं. शिवाजी पार्क गेलं, हेही त्याच क्षणी कळलं, आणि खोटं कशाला सांगू, मला अजूनही तिथं जायचं होतं. माझ्या हातात अजून सरळ ठेका होता. मी तो तसाच ठेवला असता तर चूक एकट्या हेमीची ठरली असती आणि साहेबांनी बाकीच्या पथकाला नावाजलं असतं. मी तो सोडला आणि तिच्या ठेक्यात गेले. झांजा आल्या, खुळखुळा आला, आणि या वेळी बिगूलवालेही थांबले नाहीत. आमचं पथक साहेबांच्या पुढून तिरकं तिरकं, लग्नाच्या वरातीसारखं गेलं. कुंपणाबाहेर माझे बाबा, काही ऐकू न येता, आमच्या पायांकडे बघून टाळ्या वाजवत होते.

मोठ्या बाई खोलीत आल्याच नाहीत. सर आले, ड्रम एकेक करून कपाटात ठेवले. हेमी माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती. मी तिचा हात धरला. मग नाना दारात आले. त्यांनी आधी हेमीकडे बघितलं, मग माझ्याकडे, पुष्कळ वेळ. ज्या माणसानं उभा जन्म तोच ठेका वाजवला, त्याच्यासमोर आम्ही दोघी उभ्या होतो आणि मला वाटलं, आता संपलं.

'मास्तर,' नाना म्हणाले, 'परत कवा?'

सरांनी कपाट लावलं. 'पंधरा ऑगस्टला.'

'मग तवर ठेवा,' नाना म्हणाले. ते वळले, दारापर्यंत गेले आणि तिथूनच, हेमीकडे न बघता म्हणाले, 'पन एवढं बरोबर कोन चुकतं गो? पुढच्या खेपेला जरा तरी वाईट वाजव.'

त्यानंतर हेमी दहावी पास होईपर्यंत आमच्या शाळेचं एकही संचलन सरळ गेलं नाही.